कडब्याखालची टाकी

माझा भाऊ मंगळवारी नागपूरला वारला. तार बुधवारी वाईला आली. तोवर त्याच्या कचेरीतल्या लोकांनी अग्नी दिला होता.

दिवस वाईतच झाले, घाटावर. आईवडील आधीच गेलेले. दादानं लग्न केलं नव्हतं, मीही केलं नाही. तेव्हा त्याचं मागे राहिलेलं सामान आणायला जाणारी मी एकटीच होते. आणीबाणी उठून वर्ष होत आलं असेल. माघ चालू होता. वाचनालयातून रजा काढली आणि साताऱ्याला गाडीत बसले.

दादा सरकारी पशुवैद्य होता. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याची बदली विदर्भात झाली. गावोगाव हिंडून गायींना कृत्रिम रेतन करायचं, म्हणजे परदेशी वळूचं बीज नळीनं गायीच्या पोटात सोडायचं, हे त्याचं काम. रेतन हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. ‘तो जनावरांना सुई देतो’ एवढंच आई शेजारणींना सांगे. तो सुट्टीवर आला की आम्ही दोघं पुस्तकांवर बोलत असू. त्याच्या कामाचं मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी आपणहून काढलं नाही.

भुसावळ गेल्यावर केळीच्या बागा सरल्या आणि काळी जमीन सुरू झाली. वेचून झालेला कापूस, त्याच्या उभ्या काड्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. वर्ध्याच्या पुढे समोरच्या बाकावर उमरेडचे एक विणकर गृहस्थ आले. लुगड्यांचं गाठोडं त्यांनी मांडीवरच ठेवलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलेली पाहून त्यांनी विचारलं, “नागपूरले पहिल्यांदाच जाऊन राहिल्या का, बाई?”

मी हो म्हटलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते असावं. थोड्या वेळानं त्यांनी एक संत्रं सोलून, शिरा काढून, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. “खा. नाही म्हनू नका. गावचं फळ हाये.” दादाचे दिवस झाल्यानंतर मी चवीनं खाल्लेली ती पहिली गोष्ट.

नागपूर स्टेशनवरून सायकलरिक्षा करून मी दादाच्या कचेरीत गेले. सपाट, रुंद रस्त्यांचं शहर. घाटातून आलेल्या माणसाला तिथं आभाळ फार मोठं वाटतं. कचेरीतल्या कारकुनानं उठून खुर्ची दिली, समोरच्या टपरीवरून चना-पोहे मागवले आणि मग सांगितलं की सामान इथे नाहीच. साहेब आठवड्यातले बरेच दिवस कळमेश्वरच्या पलीकडे एका खेड्यात राहत. तिथल्या शेतकऱ्याच्या घरी त्यांची खोली आहे. पुस्तकंही तिथंच आहेत. काविळीनं उचल खाल्ली तेव्हाच काय ते शहरात आणलं.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे ते एका मुलीच्या लग्नाचं आहे.

दुसऱ्या दिवशी एस. टी.नं कळमेश्वरला उतरले. दादाच्या घरमालकांना निरोप गेला होता. किसनराव, पन्नाशीचे, पांढरी टोपी, रेंगी (माणसांना बसायची हलकी बैलगाडी) घेऊन थांबले होते. माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातानं गवताच्या गादीवर ठेवली. त्यांनी बैल हाकले. मग बैलांकडे बघतच म्हणाले, “तुमच्यासारखंच नाक होतं साहेबाचं.”

ओढा ओलांडल्यावर ते मोकळे झाले. म्हणाले, दादा सायकलला थर्मास अडकवून हिंडायचा. त्यात बर्फ आणि बर्फात बीजाच्या नळ्या. “एकदा आमचा एक पाहुणा आला. त्याले वाटलं चाय हाये. कप घेऊन बसला बाप्पा! साहेब म्हने, हे प्याल तं नऊ महिन्यानं बोंबलसान!”

मी हसले. भावाच्या नावानं मी हसले, याचं मलाच नवल वाटलं. त्याच भरात किसनराव म्हणाले, “साहेबाच्या दोन पोरी आपल्याच घरी हायेत, ताई. मोठीले सातवा महिना लागला.”

माझा हात रेंगीच्या दांड्यावर होता, तो तिथंच राहिला. दादा इथं येऊन पाच-सहा वर्षं झालेली, मोठीला सातवा महिना, हिशेब कुठेच जुळत नव्हता. पण त्या दिवसांत मी हिशेब करण्याच्या स्थितीत नव्हते. शेवटी मी विचारलं, “आणि त्यांची आई? कुठे असते?”

“कपिली? गोठ्यातच,” किसनराव म्हणाले. “म्हातारी झाली आता. पन मारकी हाये लेकाची. तुमी तिच्या मांगून जाऊ नका.”

मग मला समजलं. मी पदर तोंडाला लावला. हसते आहे की रडते आहे ते किसनरावांना कळलं नाही, आणि ते भले गृहस्थ गावातली घरं दिसेपर्यंत नुसते बैल हाकत राहिले.

संध्याकाळी मी त्या दोघींना बघितलं. आई पांढरी, बुटकी, वशिंड उंच, या भागातली गौळाऊ गाय. मुली तांबूस, पाठ सपाट, वशिंड नावालाही नाही, नाकाभोवती काळं, डोळे हरणासारखे. गावभर अशा जनावरांना ‘डॉक्टरच्या पोरी’ म्हणत. पहिल्या पहिल्यांदा थट्टेनं म्हणत, मग दूध बघून तसं म्हणायची सवयच पडली. वशिंड नसलेल्या गोऱ्ह्याच्या खांद्यावर जू ठरत नाही म्हणून नर झाला की लोक दादाला शिव्या देत. कालवड झाली की पेढे.

किसनरावांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, चहा दिला. त्यांची मुलगी वत्सला, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, सावळी, उंच, दाराच्या चौकटीला टेकून मी चहा पिते का ते बघत होती. कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, “आता सांगू का, माय?”

“सांग. प्याल्या त्या,” अनुसयाबाई म्हणाल्या.

वत्सलानं मला परसात नेलं. विहिरीएवढा गोल खड्डा आणि त्यात पालथी घातलेली भलीमोठी लोखंडी टाकी. खड्ड्यात शेणकाला. त्यातून निघणारा वायू टाकीत साठतो, टाकी वर उचलली जाते, स्वयंपाक झाला की खाली बसते. नळीनं तो वायू घरात शेगडीला जातो. गोबरगॅस वाईकडेही होते, मी ऐकलं होतं. मग तिनं बोट दाखवलं. परसाच्या कोपऱ्यात संडास होता, आणि तिथून जमिनीखालून सिमेंटचा नळ याच खड्ड्यात आला होता.

“म्हंजे तुमी पेल्या तो चहा,” ती शांतपणे म्हणाली, “अर्धा गाईचा अन् अर्धा आमच्या बाबाचा.”

खरं सांगते, तो चहा थुंकून टाकावासा वाटला. परसातल्या विहिरीशी जाऊन मी चूळ भरली. तिनं पोहऱ्यानं पाणी ओतलं. मग म्हणाली, “डॉक्टरसाहेबबी पहिल्या दिवशी जेवले नव्हते. त्यांनीच बांधाले लावलं, अन् तेच उपाशी!” हे ऐकून मला बरं वाटलं. दादा मला इतका जवळचा कित्येक दिवसांत वाटला नव्हता. रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या. निळी ज्योत, धूर नाही, भिंत पांढरी, भांड्यांची बुडं लख्ख.

पण त्या घरावर एक सावट होतं. ते मला दुसऱ्या सकाळी उघड सांगण्यात आलं. रविवारी वत्सलाला बघायला काटोलकडचे पाहुणे यायचे होते. संत्र्याची बाग, विहीर, मुलगा एकुलता. यापूर्वी दोन स्थळं या टाकीपायी परत गेली होती. गावातले कुणीतरी पाहुण्यांच्या कानावर घालत, ‘त्यांच्या घरचं खाऊ नका, त्यांची चूल संडासावर चालते.’ पाहुण्यांनी मुलीच्या घरी जेवायचं म्हणजे मुलगी पसंत, आणि न जेवता उठायचं म्हणजे नापसंत. तिकडची रीत अशी. तेव्हा रविवारी चार माणसं जेवतात का, एवढ्यावर वत्सलाचं सगळं अवलंबून होतं.

“लपवाचं,” किसनराव म्हणाले. “एक दिवसाचा प्रश्न हाये. अंगनात चूल मांडू.”

“अन् लग्नानंतर समजलं तं?” अनुसयाबाई म्हणाल्या. “पोरीले परत धाडतील. तवा काय टाकी डोक्यावर घेऊन फिरसान?”

“तू चूप बस वं.”

“चूपच हावो. म्हनून तं दोन स्थळं गेले.”

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी उठून दादाच्या खोलीत गेले. मला त्या घरात आणखी थोडं राहायचं होतं, एवढंच मला कळत होतं. दादाच्या खोलीत पुस्तकं भिंतीला लावून मांडलेली होती. खिडकीतून टाकी दिसत होती. मी ती उगवतीला वर आलेली आणि दुपारी खाली बसलेली पाहत असे आणि वाटे, त्यानं मागे ठेवलेलं एवढंच एक श्वास घेतं आहे. ती लपवायची या कल्पनेनंही मला वाईट वाटत होतं. पण मुलगी त्यांची होती.

शनिवारी मी आणि वत्सला शेतावर गेलो. तिनं मला तुरीच्या ओल्या शेंगा सोलून दिल्या. परत येताना नाल्याशी मी तिला विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मले कोन विचारते?” ती म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, “पोरगा चांगला हाये म्हनतात. फोटोत तं चांगलाच हाये.” आणि लाजली. तेव्हा मला कळलं की तिला तिथं जायचं आहे.

रविवारी पहाटेपासून अंगणात चूल पेटली. पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) धूर घरभर झाला. अनुसयाबाईंनी पाटवडीचा रस्सा, वडाभात आणि पुरणाची तयारी मांडली. त्यांच्या हातची चुलीची सवय मोडली होती. पहिल्या पोळ्या करपल्या आणि त्यांनी चुलीला, नवऱ्याला आणि डोळ्यांना मिळून एकच शिवी दिली. शेगडी टोपल्याखाली गेली. किसनरावांनी टाकीवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, चांगल्या कमरेइतक्या, आणि मागे सरून पाहिलं. “कडब्याची गंजी दिसते का नाही, ताई?” खरंच गंजी दिसत होती.

पाहुणे रेंगीनं आले. मुलाचे वडील, मुलगा, एक काका, आणि मुलाची विधवा आत्या. वडील तिला आक्का म्हणत. घर तीच चालवते हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. डोळे लाल, पापण्यांचे केस झडलेले. अंगणात शिरताना धुरानं ती खोकली. पाणी झालं, सुपारी झाली. वत्सला आली, बसली, नाव सांगितलं. मुलगा एकदा बघून खाली बघायला लागला, त्यावरून त्याचंही जमलं होतं. माझी ओळख ‘वाईच्या मास्तरीणबाई’ अशी करून देण्यात आली. मी मास्तरीण नव्हते, पण ते सुधारायची ती वेळ नव्हती. पाट मांडले. वाढप सुरू झालं.

आणि परसात सरसर आवाज झाला.

आम्ही सगळं झाकलं होतं, एक गोष्ट सोडून. सकाळपासून गॅस वापरलाच नव्हता. टाकी रोजच्यासारखी भरली, रोजच्यापेक्षा वर आली, आणि पाठीवरचा कडबा घेऊन हळूहळू वर वर निघाली. पडवीतून सगळ्यांना दिसत होतं. एक पेंढी घसरली, मग दुसरी, मग अख्खी गंजी एका बाजूनं खाली आली आणि मधून काळी लोखंडी टाकी उन्हात चमकत उभी राहिली. खड्ड्याच्या कडेनं बुडबुड आवाज येत होता.

“किसनराव,” आत्या म्हणाली, “तुमच्याकडं कडबा आपोआप चढून राहिला का गा?”

कुणी हसलं नाही. मुलाच्या वडिलांनी ताटावरचा हात मागे घेतला. “हे काय हाये?”

“गोबरगॅस,” किसनराव म्हणाले. “शेनाचा.”

“शेनाचाच?” ते उठून परसात गेले. नळ कुठून येतो ते त्यांनी डोळ्यांनी माग काढून पाहिलं. परत येऊन ते पाटाशी उभे राहिले, बसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही. “पोरगी पसंत हाये आमाले. पन आमची बी भावकी हाये. तो नळ तोडा. आत्ता, आमच्यासमोर. मंग बसतो जेवाले.”

कोपऱ्यात पहार होती. किसनरावांनी ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं. “ताई, तुमच्या भावानं उभं केलं हे. तुमी सांगा.”

मी वत्सलाच्या नाल्याकाठच्या चेहऱ्याचा विचार केला. दादाला काय वाटलं असतं याचाही केला. मग म्हटलं, “तोडा.”

“काहून?” वत्सला आतून म्हणाली. ती उंबऱ्यावर आली. तिनं हात पदरात घेतले. “ताई, तुमी काहून सांगता? डॉक्टरसाहेबाचं नाही ते. त्यांनी बांधलं, बस. रोज सकाळी शेन मी कालवतो.” (तिकडे बायकाही ‘कालवतो’ असंच म्हणतात.) “गोटे मी निवडतो, पानी मी वढतो. चार दिवस नाही कालवलं तं बंद पडते ते. ते माह्यं हाये.”

“वत्सले, आत जाय!” किसनराव ओरडले.

“जातो, बाबा. एवढं बोलतो.” ती पाहुण्यांकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. “मायचे डोळे दुखत होते तवा कोनी ईचारलं नाही. आता नाही दुखत. तिकडं जाऊन मले चूलच फुंकाची असन, तं मी नाही येत.”

मुलाच्या वडिलांनी टोपी घातली. काका उठला. मुलानं उठताना एकदा उंबऱ्याकडे बघून घेतलं, पण तो उठला. ताटं तशीच राहिली. आत्या मात्र बसून होती.

“आक्का, चाल.”

“तुमी बसा रेंगीत. मी जेवून येतो.”

“आक्का!”

“घरची चूल कोन फुंकते गा? तू?” ती म्हणाली. मग समोरचं ताट तिनं बोटानं बाजूला सारलं. “हे तं चुलीवरचं हाये. हे मी रोजच खातो. पोरी, तुया त्या गॅसवर एक भाकर टाक. मले पाहाची हाये.”

वत्सलानं टोपलं उचलून शेगडी काढली. काडी लावली. आत्या सरकत सरकत अगदी जवळ जाऊन बसली, तोंड ज्योतीसमोर नेलं, आणि धुराची वाट बघत राहिली. धूर आला नाही. भाकरी फुगली. ती तिनं मिरचीच्या ठेच्याशी सावकाश खाल्ली, बाहेरून दोनदा हाक आली तरी. हात धुतला, वत्सलाच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि निघून गेली.

किसनराव त्या दिवशी मुलीशी बोलले नाहीत. संध्याकाळी वत्सलानं नेहमीसारखं शेण कालवलं. मी तिच्यासोबत कोपरापर्यंत हात घातले. ती रडत होती, कालवणं थांबवत नव्हती. मी तिला समजावलं नाही. मला येत नाही ते. फक्त म्हटलं, “मला वाटत होतं हे दादाचं आहे.” ती म्हणाली, “तुमाले तसं वाटनारच, ताई.”

सोमवारी मी पुस्तकांची ट्रंक घेऊन निघाले. दादाचा थर्मास किसनरावांनी मागून घेतला. गाडीत शेगाव गेल्यानंतर कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की गेले काही दिवस मी दादाचं स्मारक शोधत होते आणि तिथे राहणाऱ्या माणसांना त्याची गरज नव्हती. हे कळल्यावर दुःख कमी झालं असं नाही. ते माझ्यापुरतं झालं, एवढंच.

ते स्थळ गेलं. पुढे काही वर्षं वत्सलाचं कुठेच जमलं नाही आणि किसनराव त्याचा दोष कधी तिला, कधी दादाला देत राहिले. मग कळमेश्वरच्या कारखान्यातल्या एका फिटरशी तिचं लग्न झालं. तो त्यांच्या घरी जेवला. गोठ्यातल्या मोठ्या पोरीला तेव्हा गोऱ्हा झाला, तो विकला. धाकटीच्या कालवडी आता गावभर आहेत आणि त्यांना कुणी डॉक्टरच्या पोरी म्हणत नाही. नुसत्या जर्सी म्हणतात. आत्या वर्षातून एकदा एस. टी.नं येते, जेवते, परत जाते. तिच्या घरी अजून चूलच आहे.

मीही मध्यंतरी एकदा जाऊन आले. दादाची खोली धान्याला दिली आहे. अनुसयाबाई सकाळी शेण कालवतात. दादाचं असं तिथे आता काही उरलेलं नाही. गॅस चालू आहे.